शाळा आधी की मंडई आधी?

आपल्या मंडळाची स्मरणिका निघावयाची आहे, जुन्या सभासद भगिनींनी काही ना काही लिहून द्यावे, असा चिटणीस बाईंचा निरोप आला तेव्हा पाककृती, भरतकाम आणि देवस्थानांच्या सहली ही सदरे अगोदरच वाटली गेली होती. माझ्या वाट्याला इतिहास उरला. इतिहास म्हटला की लढाया, तह आणि राजांच्या वंशावळ्या डोळ्यांपुढे येतात. पण त्यांचा आणि माझा संबंध शाळेतील पाठांतरापुरताच आला. ज्या बाईच्या घरी नळाला दिवसाआड पाणी येते, जिच्या दारात कचऱ्याची गाडी उभी राहते आणि जिची मुले नगरपालिकेच्या शाळेत जातात, तिची गाठ राजापेक्षा म्युनिसिपालिटीशीच जास्त पडते. म्हणून मी म्युनिसिपालिटीचाच इतिहास लिहावयास घेतला आहे. गावातील पैसा शाळेवर खर्च व्हावा की बाजारपेठेवर, यावर आपल्याकडे दीडशे वर्षे भांडण चालले आहे. त्यातील पुण्याची हकीकत मला विशेष वाटते, कारण माझे माहेर पुण्याचे आणि माझी आजी मंडईत भाजी विकत असे.

पुण्याची मंडई पुष्कळजणींनी पाहिली असेल. अष्टकोनी दगडी इमारत, मध्ये उंच मनोरा आणि चहूंकडे भाज्यांचे ढीग. १८८६ सालच्या ऑक्टोबरात ती सुरू झाली. त्या वेळी मुंबई इलाख्याचे गव्हर्नर लॉर्ड रे होते, म्हणून तिला रे मार्केट असे नाव दिले. तत्पूर्वी भाजीचा बाजार शनिवारवाड्यापुढील मोकळ्या पटांगणात भरत असे. पावसाळ्यात चिखल, उन्हाळ्यात धूळ. आज त्या इमारतीला महात्मा फुले मंडई म्हणतात. आचार्य अत्रे म्युनिसिपालिटीत निवडून गेले होते, तेव्हा १९३८ च्या सुमारास त्यांच्या पुढाकाराने हे नाव पडले. माझी आजी तिला नुसती मंडईच म्हणे.

आता गंमत अशी की, ज्यांचे नाव त्या मंडईला दिले आहे त्या जोतीरावांचा ती बांधण्यास विरोध होता. एवढा पैसा दगडात घालण्यापेक्षा गरिबांच्या मुलांच्या शिक्षणास लावा, असे त्यांचे म्हणणे होते. हे मी प्रथम वाचले तेव्हा मला हसू आले आणि थोडा रागही आला. राग अशासाठी की, त्या मंडईच्या छपराखाली बसून माझ्या आजीने चार मुले वाढविली. छप्पर नसते तर तिने काय केले असते? पण पुढे जसजसे वाचीत गेले तसतसे जोतीरावांचे म्हणणे मला उमगू लागले. ते सविस्तर सांगण्यासारखे आहे.

पुण्याची म्युनिसिपालिटी १८५७ साली स्थापन झाली. जोतीरावांनी आणि सावित्रीबाईंनी भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली ती १८४८ साली, म्हणजे म्युनिसिपालिटीच्या नऊ वर्षे आधी. शेणगोळे खाऊन सावित्रीबाई शिकवावयास जात, ही हकीकत आपण दर वर्षी ३ जानेवारीस ऐकतो. त्यानंतरच्या चार वर्षांत पुण्यात त्यांच्या मुलींच्या आणखी शाळा निघाल्या. पण शाळा काढणे हे एक आणि ती वर्षानुवर्षे चालविणे हे दुसरे. शाळेला जागा लागते, पंतोजीला पगार लागतो, पाट्या-पुस्तके लागतात. वर्गणीवर किती दिवस चालणार? आपल्या मंडळाची वर्गणी गोळा करताना आपल्याला किती जिने चढावे लागतात, ते आठवा म्हणजे कल्पना येईल. जोतीरावांना हा अनुभव पुरेपूर आला होता. कायमचा पैसा हवा तर तो सरकारातून आणि म्युनिसिपालिटीतूनच आला पाहिजे, हे त्यांनी अनुभवाने ओळखले असावे, अशी माझी समजूत आहे.

१८७६ साली ते पुणे म्युनिसिपालिटीचे सभासद झाले. त्या काळी सभासद सरकारने नेमलेले असत. मते मागावयाची नव्हती, तेव्हा लोकांच्या रागाची भीती नव्हती. भीती होती ती साहेबाच्या नाराजीची. अशा सभेत जोतीराव सुमारे सहा वर्षे बसले. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यास येणार म्हणून शहर शृंगारण्यासाठी हजार रुपये खर्च करावेत, असा विषय निघाला. बत्तीस सभासदांपैकी एकट्या जोतीरावांनी विरोधी मत दिले. कमानी आणि दिवे यांवर पैसा उधळण्यापेक्षा तो गरिबांच्या शिक्षणास द्या, हे त्यांचे कारण. एकतीस विरुद्ध एक! आपल्या मंडळाच्या सभेत सगळ्याजणींनी हात वर केले असता एकटीने खाली ठेवणे किती कठीण जाते, ते ज्यांनी केले आहे त्यांनाच ठाऊक. इथे तर समोर व्हाइसरॉय होता.

१८८० च्या जुलैत त्यांनी म्युनिसिपालिटीच्या कमिटीला दारूच्या दुकानांविषयी पत्र लिहिले. शहरात गुत्ते वाढत चालले आहेत, त्यापायी संसार धुळीस मिळत आहेत. म्युनिसिपालिटी एका बाजूने लोकांच्या आरोग्यावर खर्च करते आणि दुसऱ्या बाजूने हे चालू राहते, हे कसे, असा त्यांचा रोख होता. आपल्यापैकी ज्या भगिनी दारूबंदीच्या मतदानाकरिता वणवण फिरल्या आहेत, त्यांनी हे लक्षात ठेवावे. अर्ज करणारी पहिली पिढी आपली नव्हे.

पण सर्वांत मोठा अर्ज त्यांनी केला तो १८८२ साली. हिंदुस्थानातील शिक्षणाची पाहणी करण्यासाठी सरकारने हंटर साहेबांच्या अध्यक्षतेखाली एक कमिशन नेमले होते. त्यापुढे जोतीरावांनी १९ ऑक्टोबर १८८२ रोजी आपले निवेदन दिले. त्याखाली सही करताना आपण कोण, तर व्यापारी, शेतकरी आणि म्युनिसिपल कमिशनर, असे त्यांनी लिहिले. महात्मा, समाजसुधारक असे काही नाही. ही सही मला फार आवडते. गावातला धंदेवाईक माणूस, कर भरणारा माणूस म्हणून ते बोलत होते. मांजरीस त्यांची शेती होती, बांधकामाची कंत्राटे ते घेत, भाजीपाल्याचा व्यापार त्यांना परका नव्हता. तेव्हा बाजारपेठेचे महत्त्व त्यांना कळत नव्हते, असे कोणी म्हणू शकणार नाही.

त्या निवेदनातील मुख्य तक्रार हिशेबाची आहे. सरकारचा बहुतेक वसूल राबणाऱ्या लोकांच्या कष्टातून येतो. पण तो खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर. ज्याने पैसा दिला त्याचे पोर मात्र अडाणीच राहते. त्या काळी खेड्यापाड्यांत शेतसाऱ्याच्या रुपयामागे एक आणा लोकलफंड घेत आणि त्याचा तिसरा हिस्सा शिक्षणाकडे जाई. जोतीरावांनी मागितले की, निम्मा हिस्सा प्राथमिक शाळांस द्या. निदान बारा वर्षे वयापर्यंत शिक्षण सक्तीचे करा. पंतोजीचा पगार बारा रुपयांहून कमी नसावा. मोठ्या गावी पंधरा ते वीस असावा, म्हणजे चांगली माणसे येतील. शिक्षक शक्य तो शेतकरी वर्गातून घ्यावेत, म्हणजे ते मुलांत मिसळतील आणि वेळ पडली तर नांगर किंवा सुताराची हत्यारे हाती घेण्यास लाजणार नाहीत. मुलींच्या प्राथमिक शिक्षणावर हात सैल सोडून खर्च करावा.

म्युनिसिपालिटीबद्दल तर त्यांनी फार मार्मिक लिहिले. मोठ्या गावांतील म्युनिसिपालिट्यांनी आपल्या हद्दीतील प्राथमिक शाळांचा सगळा खर्च सोसावा, पण कारभार मात्र सर्वस्वी त्यांच्या हाती देऊ नये. हे लिहिणारा स्वतः म्युनिसिपालिटीत बसलेला होता! आतून पाहिल्यामुळेच लिहिले असेल. सासूबाई दूध तापत ठेवायला सांगतात पण किल्ली मात्र देत नाहीत, तसे काहीसे. पैसा तुमचा, देखरेख दुसऱ्याची.

आणि आता माझ्या रागाचे उत्तर. जोतीरावांना शाळेत काय शिकवावयास हवे होते? वाचन, लेखन, मोडी आणि बाळबोध, हिशेब, थोडा इतिहास, भूगोल, व्याकरण, नीती, आरोग्य आणि शेतीची प्राथमिक माहिती. शाळांना जोडून नमुन्याची शेते असावीत, हेही त्यांनी सुचविले. म्हणजे त्यांच्या मनात शाळा एकीकडे आणि पोटापाण्याचा धंदा दुसरीकडे, असे दोन कप्पे नव्हतेच. शिकलेला शेतकरी चार पैसे जास्त मिळवील आणि मिळविलेले चार पैसे त्याच्या हाती राहतील, असा त्यांचा हिशेब होता. मंडई बांधून भाजी झाकली जाईल. पण भाजीवाल्याला पावती वाचता आली नाही तर काय उपयोग?

हे वाक्य मी पुस्तकातून घेतलेले नाही, डोळ्यांनी पाहिले आहे. आजी मंडईत बसे तेव्हा तिला भाडे भरल्याची पावती मिळे. ती पावती ती कमरेच्या पिशवीत घडी करून ठेवी आणि मी म्युनिसिपालिटीच्या शाळेतून सुटून मंडईत गेले की, ‘बाय, यावर किती लिवलंय गं?’ असे विचारी. मी चौथीत होते. मेथीच्या जुडीचा भाव तोंडी करून तीन गिऱ्हाइकांचा हिशेब एका दमात सांगणारी ती बाई, पण कागद हाती आला की तिची बोटे थरथरत. शेजारच्या गाळ्यातील माणसांच्या पावत्याही मीच वाचून देत असे. बदल्यात कधी गाजर, कधी ओल्या हरभऱ्याची पेंडी. मंडईने तिला छप्पर दिले आणि शाळेने मला अक्षर दिले. पण दोन्ही एकाच माणसाला मिळायला दोन पिढ्या लागल्या. आमची शाळा सातवीपर्यंत होती. पुढची लांब होती. मी गेले नाही.

असो. जोतीराव १८९० साली गेले, सावित्रीबाई १८९७ च्या प्लेगात रोग्यांची शुश्रूषा करता करता गेल्या. सक्तीच्या शिक्षणाची मागणी मात्र राहिली. बडोद्यास सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली भागात आणि १९०६ साली सबंध संस्थानात सक्तीचे शिक्षण सुरू केले. कोल्हापुरास शाहू महाराजांनी १९१७ साली हुकूम काढला आणि जो पालक मुलाला शाळेत पाठविणार नाही त्याला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. संस्थानात राजाच्या मनात आले की होत असे. ब्रिटिश मुलखात तसे नव्हते. नामदार गोखल्यांनी १९११ साली वरिष्ठ कायदेमंडळात बिल आणले. ते स्वतः पूर्वी पुणे म्युनिसिपालिटीचे अध्यक्ष होते, तेव्हा म्युनिसिपालिटीच्या तिजोरीत किती असते हे त्यांना ठाऊक होते. त्यांनी फार जपून मागणी केली होती. ज्या गावच्या लोकल बोर्डाला किंवा म्युनिसिपालिटीला इच्छा असेल तिनेच सक्ती करावी, आणि प्रथम मुलग्यांपुरती. तरीही १९१२ च्या मार्च महिन्यात ते बिल १३ विरुद्ध ३८ मतांनी पडले. पुढे १९१८ साली विठ्ठलभाई पटेलांच्या खटपटीने मुंबई इलाख्यात कायदा झाला आणि म्युनिसिपालिट्यांना आपल्या हद्दीत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याचा अधिकार मिळाला.

अधिकार मिळाला म्हणजे प्रश्न सुटला असे नाही. प्रश्न गावात आला, एवढेच. पुण्यात १९२० च्या सुमारास यावरून जो वाद झाला तो आपणा बायकांच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. सक्तीचे शिक्षण हवे, हे तोवर बहुतेकांस मान्य झाले होते. परंतु म्युनिसिपालिटीजवळ पैसा थोडा. तेव्हा आधी मुलग्यांपुरती सक्ती करावी, मुलींचे मागाहून पाहू, असे एका पक्षाचे म्हणणे पडले. लोकमान्य टिळक या बाजूस होते. टिळकांसारखा माणूस आणि त्यांचे हे मत, हे वाचून काही भगिनींना वाईट वाटेल. पण जे घडले ते लपविण्यात अर्थ नाही. दुसऱ्या बाजूस महर्षी विठ्ठल रामजी शिंदे होते, रमाबाई रानडे होत्या. मुलगा आणि मुलगी दोघांनाही एकदमच सक्ती करा, हे त्यांचे म्हणणे. सभा झाल्या, सभांत गोंधळ झाले. आणि रमाबाईंच्या पुढारीपणाखाली पुण्यातील बायकांनी मिरवणूक काढून म्युनिसिपालिटीपुढे आपले गाऱ्हाणे घातले.

रमाबाई कोण, हे आपल्याकडील तरुण सुनांना कदाचित ठाऊक नसेल. न्यायमूर्ती रानड्यांच्या त्या पत्नी. लग्नानंतर त्यांना नवऱ्याने शिकविले आणि त्यापायी घरातल्या वडीलधाऱ्या बायकांची बोलणी त्यांनी किती वर्षे सोसली, ते त्यांनी स्वतःच आपल्या आठवणींच्या पुस्तकात लिहून ठेवले आहे. न्यायमूर्ती १९०१ साली गेले. १९०९ साली पुण्यास सेवासदन निघाले, तेथे बायकांना अक्षरओळख तर होतीच, पण शिवणकाम, शिक्षिकेचा अभ्यास, ससून इस्पितळात परिचारिकेचे शिक्षण, असे पोटाला आधार होईल ते सारे शिकविले जाई. विधवा बाई शिकून परिचारिका झाली, पगार घरी आणू लागली, हे पुण्याने तेव्हा पाहिले. म्हणजे जोतीरावांनी जे शेताच्या बाबतीत मागितले, ते रमाबाईंनी बाईच्या हाताच्या बाबतीत करून दाखविले. शाळा आणि कमाई वेगळी काढता येत नाही.

त्या मिरवणुकीविषयी विचार करताना माझे मन एका गोष्टीवर अडते. ‘पैसा पुरत नाही, म्हणून आधी मुलगे’ हे बोलणे दुष्टपणाचे नव्हते. घरोघरी असेच चालत असे. किंबहुना चांगल्या घरांतही चालत असे. दुधाचा पेला एक असला की तो कोणापुढे जाई, हे आपणास सांगावयास नको. म्युनिसिपालिटी म्हणजे मोठे घरच. त्या बायकांनी म्हटले ते इतकेच की, दूध कमी असेल तर दोघांना अर्धे अर्धे द्या. हे मागण्यासाठी त्यांना उंबरा ओलांडून रस्त्यावर यावे लागले, आणि त्या काळी बायकांनी रस्त्याने मिरवीत जाणे म्हणजे काय, ते निराळे लिहावयास नको.

स्वातंत्र्यानंतर घटनेने १९५० साली चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व बालकांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचे ठरविले आणि त्यात मुलगा-मुलगी हा भेद ठेवला नाही. कायद्याने हक्क म्हणून ते मिळाले २००९ च्या कायद्याने. तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. जोतीरावांनी मागितले त्याला तोवर एकशे अठ्ठावीस वर्षे होत आली होती.

आता आपल्या गावची हकीकत. ती लिहू की नको असा विचार मी पुष्कळ केला, कारण त्या वेळी आपल्या मंडळात जे झाले ते अद्याप पुरते विसरले गेलेले नाही. पण इतिहास लिहावयास सांगितला आहे, आणि ही गोष्टही आता इतिहासच झाली.

२०१७ साली बाजारपेठेतील नगरपालिकेच्या मुलींच्या शाळेची जागा व्यापारी संकुलास द्यावयाची, असे बोलणे सुरू झाले. शाळेचा पट घसरत चालला होता, कौले गळत होती आणि जागा मोक्याची. मुलींना हमरस्त्याच्या पलीकडील शाळेत सामावून घेऊ, असे सांगण्यात आले. गाळे झाले म्हणजे उत्पन्न वाढेल, तरुणांना धंदा मिळेल. आणि रस्त्यावर बसणाऱ्या भाजीवाल्या मावशींनाही तळमजल्यावर जागा देऊ, असेही कोणी म्हणाले. ऐकायला सगळे चांगलेच होते.

आपल्या मंडळाची सभा झाली ती चांगली तीन तास चालली. ज्यांच्या घरचे व्यापारात आहेत त्या भगिनींचे म्हणणे की, गाव वाढायचे तर बाजारपेठ वाढली पाहिजे. पाच-पन्नास मुलींसाठी एवढी जागा अडवून ठेवणे शहाणपणाचे नाही. दुसऱ्या बाजूच्या म्हणाल्या की, त्या पाच-पन्नास मुली कोणाच्या? धुणीभांडी करणाऱ्यांच्या आणि त्याच भाजीवाल्यांच्या. हमरस्ता ओलांडून जायचे झाले तर त्यांचे आईबाप त्यांना घरीच बसवतील. आवाज चढले. एका वहिनींनी रागारागाने आपली सतरंजी गुंडाळून नेली, ती आमच्याखालची होती. तेव्हा मी माझ्या वाचनातील जोतीरावांची गोष्ट सांगितली. त्यावर एका काकूंनी विचारले, ‘अहो, पण शेवटी मंडई झालीच ना? आणि नावही त्यांचेच लागले!’ मला उत्तर सुचले नाही. प्रश्न खराच होता.

उत्तर मिळाले ते घरपट्टीच्या बिलात. आमच्यातील एका ताईंनी सुचविले की, भांडण्यापूर्वी पैसा येतो कुठून ते तरी पाहू. सगळ्याजणींनी आपापल्या घरची बिले आणली. त्यात घरपट्टी, पाणीपट्टी यांखेरीज शिक्षण कर म्हणून निराळी ओळ होती. आणि ज्यांची दुकाने होती त्यांच्या बिलात रोजगार हमी कर म्हणून आणखी एक. दोन्ही कर १९६२ च्या एकाच कायद्याखाली घेतले जातात. शाळा आणि रोजगार एकाच कागदावर, एकाखाली एक! इतकी वर्षे बिल भरले, पण त्या ओळी वाचल्या नव्हत्या. नगरपालिकेतील कारकुनाने सांगितले की, हा पैसा इथे राहात नाही, सरकारकडे भरावा लागतो. ते खरेच आहे. पण आम्ही शाळेसाठी भरतो आहोत, एवढे तर कागदावर सिद्ध झाले. मग आम्ही नगरपालिकेचे अंदाजपत्रक मागितले. प्रथम उद्या या, मग साहेब नाहीत, मग झेरॉक्सचे यंत्र बंद. चौथ्या खेपेस मिळाले. ते वाचावयास आम्हाला दोन दुपारी लागल्या. शेवटी एकीच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीने जमेच्या आणि खर्चाच्या बाजू रंगीत पेन्सिलीने खुणा करून दिल्या. महिला व बालकल्याणासाठी राखलेला हिस्सा होता, आणि त्यातील मोठी रक्कम आदल्या वर्षी खर्चच पडलेली नव्हती.

अर्ज लिहिला तो असा. शाळा आहे तिथेच ठेवावी आणि कौले बदलावीत. शाळेच्या पुढील पट्टीत, रस्त्याच्या बाजूस, भाजीवाल्यांसाठी छपराचे ओटे बांधावेत. त्याचे भाडे माफक असावे आणि पावती बाईच्याच नावाने फाडावी. संकुल करावयाचे तर ते नगरपालिकेच्या दुसऱ्या पडीक जागेत करावे. शाळा की बाजार, असे न विचारता दोन्ही मागितले. सह्या एकशे बारा झाल्या, त्यांत अंगठे एकोणीस. अंगठे नकोत, त्यांचे वजन पडत नाही, असे कोणीतरी म्हणाले. ते आम्ही ठेवले.

सभेच्या दिवशी आम्ही चाळीसजणी गेलो. १९९० पासून महाराष्ट्रात स्थानिक सभागृहांत बायकांना राखीव जागा आहेत, आणि २०११ पासून तर त्या निम्म्या झाल्या आहेत. म्हणून आमची अपेक्षा होती की आतल्या नगरसेविका बोलतील. एका नगरसेविकेचे यजमानच उठून बोलू लागले. आपल्या मंडळातील सर्वांत वयस्क काकूंनी दारातून म्हटले, ‘दादा, तुम्ही बाहेर या, आम्हाला तुमच्याशी जरा बोलायचे आहे.’ ते बाहेर आले, आणि आत त्या बाई पहिल्यांदाच स्वतः बोलल्या. फार नाही, चार वाक्ये. पण शाळेच्या बाजूने बोलल्या; त्या तिथेच शिकलेल्या होत्या.

निकाल एकदम लागला नाही. दोन सभा तहकूब झाल्या. शेवटी ठराव झाला तो असा की, शाळा हलवू नये, ओटे बांधावेत आणि संकुलाचा विचार मागाहून व्हावा. कौले बदलली, ओटे बावीस झाले. संकुल अद्याप झालेले नाही, आणि ज्यांना गाळे मिळावयाचे होते त्या घरच्या पाच भगिनींनी मंडळ सोडले, हेही लिहिले पाहिजे. त्यांतील दोघी गेल्या वर्षी हळदीकुंकवाला आल्या. त्यांचे म्हणणे अगदी टाकाऊ होते, असे मी आजही म्हणणार नाही. त्यांच्यातील एकीचा मुलगा धंद्याला जागा नाही म्हणून गाव सोडून पिंपरीस गेला आणि तिथेच राहिला.

शाळेचा पट थोडा वाढला. चार-पाच मुली दुपारी सुटल्या की समोरच्या ओट्यावर आईजवळ येऊन बसतात. काही अभ्यास करतात, काही भाजीवर पाणी मारतात. पावती आईच्या नावाची असते. ती वाचून दाखवायला मुलगी लागते, अशा बाया अजून आहेत; पण पूर्वीपेक्षा कमी. ओट्यांजवळ नळ मात्र आलेला नाही. भाजीवर मारावयाचे पाणी शाळेच्या टाकीतून बादलीने आणावे लागते आणि त्यावरून बाई आणि मावशी यांची रोज कुरबुर होते. नळासाठी आपण दिलेल्या अर्जांच्या पोच मिळालेल्या प्रती मंडळाच्या कपाटात वरच्या फळीवर, निळ्या फितीच्या फायलीत आहेत. तिसरा अर्ज येत्या अंदाजपत्रकाच्या आधी द्यावयाचा आहे. सह्यांचा कागद वर्धापनदिनाच्या दिवशी पानसुपारीच्या टेबलावर ठेवलेला असेल.